सेलर यांचं अर्धं राहिलेलं काम : अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणी आणि सर्व सभासद,

स. न. वि. वि.

मंडळात राजकारण आणायचं नाही हा आपल्याकडचा जुना संकेत आहे. गणपती असो, दिवाळीचं नाटक असो की मराठी शाळेचं संमेलन, माणसं चार घटका आनंदात घालवायला येतात. तिथे पक्षांवरून भांडणं नकोत, हे मला पूर्ण मान्य आहे. तरीही हे पत्र मी मंडळांनाच लिहिते आहे, कारण मला कुठल्याही पक्षाबद्दल बोलायचं नाही. या देशाचा राष्ट्राध्यक्ष ज्या पद्धतीने निवडला जातो, त्या पद्धतीबद्दल बोलायचं आहे. इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे प्रत्येक राज्याला ठरावीक संख्येने मिळणाऱ्या इलेक्टरांच्या मतांनी राष्ट्राध्यक्ष ठरवण्याची पद्धत, संविधानातून काढून टाकावी, राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडावा, आणि त्यासाठी लागणाऱ्या घटनादुरुस्तीची मागणी इथल्या मराठी नागरिकांनी उघडपणे करावी, असं मला वाटतं.

आपणच का, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर एका माणसात आहे, आणि त्याचं नाव आपल्या कार्यक्रमांत मी कधी ऐकलेलं नाही. इमॅन्युएल सेलर. ब्रुकलिनचे काँग्रेस सदस्य. १९२३ मध्ये ते प्रतिनिधिगृहात आले आणि जवळजवळ ५० वर्षं तिथे राहिले. त्याच १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. आधी दिलेली नागरिकत्वंसुद्धा सरकार परत मागू लागलं. सखाराम गणेश पंडित नावाचे कॅलिफोर्नियातले वकील स्वतःचा खटला लढले आणि त्यांनी आपलं नागरिकत्व राखलं. पुष्कळांना ते जमलं नाही. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० माणसांना इथे यायची परवानगी मिळाली, त्या कायद्याला क्लेअर बूथ ल्यूस यांच्याबरोबर सेलर यांचं नाव आहे. १९६५ मध्ये जुनी कोटा पद्धत मोडून आपल्यासारख्यांना दार उघडणारा जो कायदा झाला, त्यालाही सिनेटर फिलिप हार्ट यांच्या जोडीने सेलर यांचंच नाव आहे. शिकागोत किंवा ह्यूस्टनमध्ये आज मराठी वस्ती दिसते ती त्या कायद्याच्या जोरावर.

याच सेलर यांनी १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष या नात्याने इलेक्टोरल कॉलेज रद्द करणारी घटनादुरुस्ती आणली. तिकडे सिनेटमध्ये इंडियानाचे बर्च बे तिच्यासाठी झटत होते. त्याआधीच्या वर्षी, १९६८ च्या निवडणुकीत, वंशभेदाच्या बाजूने उभे असलेले अलाबामाचे जॉर्ज वॉलेस पाच राज्यं जिंकून ४६ इलेक्टोरल मतं घेऊन गेले होते. कुणालाच बहुमत मिळू द्यायचं नाही आणि मग आपल्या मतांचा सौदा करायचा, हा त्यांचा बेत थोडक्यात हुकला. त्या भीतीने दोन्ही पक्ष खडबडून जागे झाले. सेलर-बे प्रस्ताव साधा होता. देशभरातली सगळी मतं एकत्र मोजायची, निदान ४० टक्के मतं मिळवणारी, सर्वांत पुढे असलेली राष्ट्राध्यक्ष-उपराष्ट्राध्यक्षांची जोडी विजयी, आणि कुणालाच तेवढी मिळाली नाहीत तर पहिल्या दोन जोड्यांत पुन्हा मतदान. १८ सप्टेंबर १९६९ रोजी प्रतिनिधिगृहाने तो ३३९ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष निक्सन रिपब्लिकन, त्यांनीही पाठिंबा दिला.

मग तो सिनेटमध्ये अडला. साउथ कॅरोलिनाचे स्ट्रॉम थरमंड, मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड आणि नॉर्थ कॅरोलिनाचे सॅम अर्विन यांनी चर्चा लांबवत ठेवून मतदानच होऊ दिलं नाही. सप्टेंबर १९७० मध्ये चर्चा थांबवण्याच्या बाजूने ५४ मतं पडली, विरुद्ध ३६. हवी होती ६०. सहा मतं कमी पडली. त्या सहा मतांपायी आपण आजही चुरशीच्या राज्यांचे नकाशे बघत बसतो.

दक्षिणेतल्या सिनेटरांनी एवढा आटापिटा का केला, हे समजून घ्यायचं तर १७८७ च्या फिलाडेल्फियात जावं लागतं. संविधान सभेत जेम्स मॅडिसन यांनी कबूल केलं होतं की लोकांनी थेट निवडणं हा सर्वांत योग्य मार्ग आहे. पण दक्षिणेतल्या राज्यांत मतदार कमी, कारण तिथली मोठी लोकसंख्या गुलामगिरीत, आणि त्या माणसांना मत नाही. थेट निवडणूक झाली तर दक्षिणेचं वजन पडणार नाही, ही अडचणही त्यांनीच बोलून दाखवली. इलेक्टोरल कॉलेजने ती सोडवली. राज्याला इलेक्टर मिळणार त्याचे प्रतिनिधी अधिक दोन सिनेटर इतके, आणि प्रतिनिधी ठरणार अशा लोकसंख्येवर की जिच्यात गुलाम माणूस तीन पंचमांश धरला जाई. म्हणजे ज्याला मत नाही, त्याच्या डोक्याचा हिशेब त्याच्या मालकाच्या मताला लागला. पहिल्या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षं राष्ट्राध्यक्ष व्हर्जिनियाचा होता, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. यादवी युद्धानंतर गुलामगिरी गेली, तीन पंचमांशही गेला. कृष्णवर्णीय माणूस आता पूर्ण मोजला जाऊ लागला, पण दक्षिणेत त्याला मतदान केंद्रापर्यंत पोचू देत नव्हते. राज्यात दहा माणसांनी मत दिलं काय आणि दहा लाखांनी दिलं काय, इलेक्टर तेवढेच. मतदार अडवण्याची किंमत राज्याला मोजावी लागत नाही, हा या पद्धतीतला सर्वांत वाईट दोष आहे असं मी मानते. थेट निवडणुकीत प्रत्येक अडवलेला मतदार म्हणजे राज्याचं कमी झालेलं वजन. थरमंड आणि ईस्टलंड यांना ते नीट कळत होतं.

आता आजची स्थिती. ५३८ इलेक्टर, २७० मिळाले की विजय. मेन आणि नेब्रास्का सोडली तर प्रत्येक राज्यात एका मताने पुढे असलेला सगळे इलेक्टर घेऊन जातो. मी न्यू जर्सीत राहते, माझा भाचा डेलावेअर नदीपलीकडे पेन्सिल्व्हेनियात. २०२४ च्या शरद ऋतूत त्याचं दार वाजायचं थांबत नव्हतं. उमेदवार त्याच्या गावाजवळ सभा घेत होते, टपालपेटी पत्रकांनी भरत होती. आमच्याकडे शांतता. नदी ओलांडायला पाच मिनिटं लागतात, पण तेवढ्यात माणसाच्या मताची किंमत बदलते. अ‍ॅरिझोना, जॉर्जिया, मिशिगन, नेव्हाडा, नॉर्थ कॅरोलिना, पेन्सिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या सात राज्यांत निवडणूक झाली आणि बाकीच्यांनी ती पाहिली.

हा डेमोक्रॅटांचा रडगाणं गाण्याचा विषय आहे, असं आपल्यातल्या रिपब्लिकन मित्रांना वाटतं. त्यांना मी आकडे बघायची विनंती करते. २००० मध्ये अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती आणि ते फ्लोरिडात ५३७ मतांनी हरले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त होती. हे सगळ्यांना माहीत आहे. पण २००४ चं कुणी आठवत नाही. त्या वर्षी जॉर्ज बुश ३० लाख मतांनी पुढे होते, आणि ओहायोत साठेक हजार माणसांनी मत फिरवलं असतं तर जॉन केरी राष्ट्राध्यक्ष झाले असते. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने डोनाल्ड ट्रम्प यांना ६० लाख मतं दिली. कुठल्याही राज्याने त्यांना दिलेल्या मतांत ती सर्वांत जास्त होती, टेक्सासपेक्षाही जास्त. त्या ६० लाखांतून एकही इलेक्टर निघाला नाही. त्याच वर्षी टेक्सासने जो बायडन यांना न्यूयॉर्कपेक्षा थोडी जास्तच मतं दिली, त्यांचंही तेच झालं. फ्रेस्नोजवळचा रिपब्लिकन शेतकरी आणि ऑस्टिनमधली डेमोक्रॅट शिक्षिका, दोघांवरही हा सारखाच अन्याय आहे. ट्रम्प यांनी स्वतः २०१२ मध्ये या पद्धतीला लोकशाहीवरचं संकट म्हटलं होतं. २०२४ मध्ये ते देशभरातल्या मतांतही पुढे होते, त्यामुळे या घडीला कुठल्याच पक्षाची जखम ओली नाही. बदल करायला यापेक्षा बरा काळ कुठला?

आणि २७० कुणालाच मिळाले नाहीत तर काय होतं, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते आणि तिथे प्रत्येक राज्याला एक मत. सुमारे चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला एक, सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगला एक. २०२० मध्ये अ‍ॅरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन इथली बायडन यांची मिळून ४३ हजारांच्या आतबाहेरची आघाडी उलटली असती तर २६९ विरुद्ध २६९ अशी बरोबरी झाली असती. देशभरात ७० लाखांची आघाडी असताना निर्णय प्रतिनिधिगृहातल्या राज्याराज्यांच्या सदस्यगटांनी घेतला असता. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटलवर जो हल्ला झाला, त्यालाही याच पद्धतीतल्या फटी कारणीभूत आहेत. राज्यांची प्रमाणपत्रं, मोजणीचा सोहळा, उपराष्ट्राध्यक्षाचे अधिकार, मध्ये इतके टप्पे आहेत की प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी हात घालू शकतं. २०२२ च्या कायद्याने काही फटी बुजवल्या. मूळ रचना तशीच आहे.

लहान राज्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. वायोमिंगला एका इलेक्टरमागे एक लाख ९२ हजार माणसं आहेत, कॅलिफोर्नियाला सात लाख ३० हजार. म्हणजे लहान राज्याला कागदावर झुकतं माप आहे. पण त्या मापाचा वायोमिंगला उपयोग काय झाला? तिथे कुणी प्रचाराला जात नाही, व्हरमाँटलाही जात नाही, कारण दोन्हींचा निकाल आधीच ठरलेला. लहान राज्यांचं रक्षण करायला सिनेट आहे, आणि तिच्याविरुद्ध मी इथे काही म्हणत नाही. मोठी शहरं सगळं ठरवतील, ही दुसरी भीती. देशातली सर्वांत मोठी दहा शहरं एकत्र केली तरी लोकसंख्येच्या आठ टक्क्यांच्या आसपास भरतात.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. १९७० च्या दशकात काही कृष्णवर्णीय नेत्यांनाही वाटत होतं की मोठ्या राज्यांत आपली एकगठ्ठा मतं पारडं फिरवू शकतात, ती ताकद थेट निवडणुकीत जाईल. १९७९ मध्ये बे यांनी पुन्हा प्रयत्न केला तेव्हा सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४८ असं मतदान झालं, दोन तृतीयांशापासून फार लांब, आणि त्यामागे हेही एक कारण होतं. आपल्यालाही असा मोह होऊ शकतो. मिशिगन, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलिनात मराठी माणसं बरीच आहेत आणि तिथे आज त्यांच्या मताला भाव आहे. पण जनगणनेनंतर आणि लोकांच्या स्थलांतराने चुरशीची राज्यं बदलत राहतात. ओहायो आणि फ्लोरिडा काल चुरशीची होती, आज नाहीत. इतक्या तात्पुरत्या फायद्यासाठी न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या आपल्याच माणसांचं मत मोडीत काढायचं, हे मला पटत नाही.

भारतात तरी पंतप्रधान कुठे बहुमताने निवडून येतो, असंही मला विचारलं गेलं आहे. खरं आहे. पण तिथे आपण लोकसभा निवडतो आणि पंतप्रधान रोज तिला बांधलेला असतो. १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं. इथला राष्ट्राध्यक्ष चार वर्षं काँग्रेसच्या विश्वासावर अवलंबून नसतो. त्याच्यामागे लोकांचं थेट मत नसेल तर त्याच्या अधिकाराला आधार कशाचा?

यापेक्षा मला जास्त अस्वस्थ करतो तो आपल्यातला एक शांत समज. या देशाचं संविधान जणू हात न लावण्याची वस्तू आहे, ज्यांनी लिहिलं त्यांनी विचार करूनच लिहिलं असेल, आपण बाहेरून आलेले, आपण काय बोलणार! नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी करताना आपण पाठ केलं की संविधानात २७ दुरुस्त्या आहेत. त्यातल्या पहिल्या दहा १७९१ मध्ये एकदमच झाल्या. १९७१ नंतर फक्त एक झाली, १९९२ मध्ये, आणि तिचा प्रस्ताव १७८९ चा होता. म्हणजे मतदानाचं वय १८ केल्यानंतर आजवर या देशाने नव्याने मांडलेली एकही दुरुस्ती संविधानात नेलेली नाही.

दरवर्षी १४ एप्रिलला ज्यांच्या प्रतिमेला आपण हार घालतो, ते बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि अमेरिकेचं संविधान त्यांनी बारकाईने अभ्यासलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात त्यांनी जेफरसन यांचा आधार घेतला : प्रत्येक पिढी हे वेगळं राष्ट्रच असतं, तिला स्वतःला बांधून घेता येतं, पण पुढच्या पिढीला बांधण्याचा हक्क तिला नाही. आणि अमेरिका व ऑस्ट्रेलियात दुरुस्तीवर घातलेल्या असाधारण अटी आपण मुद्दाम टाळल्या आहेत, हेही त्यांनी तिथेच सांगितलं. भारताने २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या केल्या. सगळ्याच चांगल्या होत्या असं नाही. आणीबाणीतली ४२ वी दुरुस्ती आठवली की सोपी वाट किती घातक ठरू शकते हेही कळतं, आणि त्यातलं बरंच काही पुढच्या सरकारला ४४ व्या दुरुस्तीने उलटवावं लागलं. पण संविधान लोकांचं असतं आणि लोक ते बदलू शकतात, हे आपण घरातून शिकून आलो आहोत. ते इथे येऊन विसरायचं कशासाठी?

वाट कठीण आहे, यात शंका नाही. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी. १३ राज्यं अडून बसली तर संपलं. कधी एकटा समिती अध्यक्षही पुरतो. सेलर यांनीच स्त्रियांच्या समान हक्कांची दुरुस्ती वर्षानुवर्षं आपल्या समितीत दाबून ठेवली होती. शेवटी मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स यांनी सदस्यांच्या सह्या गोळा करून ती १९७० मध्ये बाहेर काढली. सेलर यांचे उपकार मानताना हेही सांगायला हवं.

तरीही अशक्य वाटणाऱ्या दुरुस्त्या झाल्या आहेत, आणि १७ वी मला सर्वांत शिकवणारी वाटते. १९१३ पर्यंत सिनेटर लोक निवडत नव्हते, राज्यांची विधिमंडळं निवडत होती. प्रतिनिधिगृह बदलाचे ठराव पुन्हापुन्हा मंजूर करी आणि सिनेट ते पाडी, कारण त्या पद्धतीनेच ते सिनेटर झालेले. मग राज्यांनी स्वतः वाट काढली. ओरेगॉनमध्ये विधिमंडळाचे उमेदवार आधीच लिहून देऊ लागले की लोकांचा कौल ज्याला, त्यालाच आम्ही सिनेटर करू. १९०९ मध्ये तिथल्या रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाने शब्द पाळून जॉर्ज चेंबरलेन या डेमोक्रॅटला सिनेटवर पाठवलं. एकेक राज्य त्याच वाटेने गेलं आणि शेवटी सिनेटला वाकावं लागलं.

आज तशीच वाट पुन्हा उघडली आहे. राष्ट्रीय लोकमताचा आंतरराज्य करार. यात सामील राज्यं असं ठरवतात की आमचे सगळे इलेक्टर देशभरात ज्याला सर्वाधिक मतं त्याला, पण सामील राज्यांची बेरीज २७० झाली की मगच. २००७ मध्ये मेरीलँडने सुरुवात केली, मग न्यू जर्सी, इलिनॉय, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आले. २०२४ मध्ये मेन सामील झालं तेव्हा बेरीज २०९ झाली होती. हा करार पुरेसा आहे असं मी म्हणत नाही. तो न्यायालयात अडकेल, एखादं राज्य ऐन वेळी बाहेर पडेल, या शंका रास्त आहेत. कायमचा उपाय घटनादुरुस्तीच आहे. पण ओरेगॉनसारखा दाब या कराराने येईल, म्हणून तो मला हवा आहे.

आता मंडळांकडे माझं मागणं. आपली बहुतेक मंडळं करमुक्त सेवाभावी संस्था आहेत. कायद्याने त्यांना उमेदवाराचा प्रचार करता येत नाही, आणि तो करूही नये. पण सार्वजनिक प्रश्नाची चर्चा करायला, मतदार नोंदणी निःपक्षपातीपणे करायला कायद्याची आडकाठी नाही, आणि कायद्याच्या बाजूने मर्यादित प्रमाणात पाठपुरावाही करता येतो. शंका असेल तर आपल्या सभासदांत वकील आणि सीपीए आहेत, त्यांना विचारा. वर्षातली एक संध्याकाळ या विषयाला द्या. दोन्ही बाजूंची माणसं बोलवा. मराठीत बोला, म्हणजे आजीआजोबाही बोलतील, आणि मुलांना इंग्रजीतून समजावून सांगा, कारण पुढची मतदार ती आहेत. जे अजून एच-वन-बी वर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत त्यांनाही बोलवा. जनगणनेत त्यांचं डोकं मोजलं जातं आणि राज्याचे इलेक्टर त्यावर ठरतात, मग या चर्चेत त्यांना खुर्ची का नसावी?

टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना आणि पेन्सिल्व्हेनियातल्या मंडळींना आणखी एक विनंती. तुमच्या विधिमंडळाचे सदस्य तुमच्या गावातलेच असतात, त्यांची कार्यालयं छोटी असतात, आणि दहा मतदार एकत्र भेटायला गेले तर ते वेळ देतात. सरकारी शाळेच्या प्रश्नावर आपण हे केलेलं आहे. त्यांना कराराबद्दल विचारा, उत्तर लेखी मागा. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात राज्याचा प्रश्न सुटला आहे, तिथल्यांनी काँग्रेस सदस्यांना घटनादुरुस्तीबद्दल विचारावं. आज प्रतिनिधिगृहात मिशिगनहून श्री ठाणेदार हे आपल्या बेळगावकडचे मराठी बोलणारे सदस्य आहेत. तेही माझ्या यादीत आहेत आणि त्यांना मी हे पत्र स्वतंत्रपणे पाठवते आहे.

माझ्या मताशी तुम्ही सहमत व्हावं असा हट्ट नाही. इलेक्टोरल कॉलेज हवं असं वाटणाऱ्यांनी तसं उभं राहून सांगावं, मी शेवटपर्यंत ऐकेन. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि तारीख कळवावी. सभागृहाच्या भाड्याचा प्रश्न आला तर आमच्या गावच्या वाचनालयातली खोली विनामूल्य मिळते, तिची नोंदणी करायची जबाबदारी माझी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
न्यू जर्सीतली एक सभासद